पट्टा, शेक आणि करंट म्हणजे फिजिओथेरपी नव्हे

'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली आहे', 'नस दबली आहे'. जुनाट कंबरदुखीचा रुग्ण समोर बसला की यातले एखादे वाक्य त्याला पाठ असते. कमरेला पट्टा असतो, पिशवीत एमआरआयची फिल्म असते, दहा दिवस शेक, करंट आणि वजन लावल्याच्या पावत्या असतात. घरी रोज कोणता व्यायाम करायचा, हे मात्र कोणीच शिकवलेले नसते. याला उपचार म्हणायला माझी तयारी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या आणि मागे दुसरा आजार नसलेल्या दुखण्यासाठी त्या आहेत. व्यायाम करा, दुखणे समजून घ्या, असे त्यात म्हटले आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि 'टेन्स'चा करंट हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे जे फुकट करता येते ते उपयोगाचे, आणि आपण गरिबाला विकतो नेमके उलटे.

एमआरआयचेही तसेच. कसलेच दुखणे नसलेल्या पन्नाशीतल्या शंभर माणसांचे एमआरआय काढले, तर साधारण ८० जणांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० जणांच्या फुगलेल्या दिसतात. केस पिकावेत तसाच हा बदल आहे. त्यावर 'गॅप'चा शिक्का मारला की माणूस वाकायलाही घाबरतो, आणि न हललेली कंबर अधिकच दुखते.

'विश्रांती घ्या, वाकू नका, वजन उचलू नका.' डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला हे सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. ती बिचारी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणते आणि रोज खाते. त्यातून पोटात अल्सर होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

यावर दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात.

पहिला : 'दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?' राबणे आणि व्यायाम एक नाहीत. कांदा लावताना बाई तासन्‌तास एकाच बाकात असते, थांबणे तिच्या हातात नसते. व्यायाम मोजून केलेला असतो. दुर्लक्षित स्नायूंना हळूहळू ताकद देतो, मध्ये विश्रांती देतो. शिवाय, हालचाल केली म्हणजे इजा होत नाही, हे शरीराला पुन्हा पटते.

दुसरा : 'रुग्णालाच इंजेक्शन हवे असते.' ही सवय त्याला लावली कोणी? वीस मिनिटे बसून समजावण्याचे पैसे कोणी देत नाही, मशीनच्या प्रत्येक सिटिंगचे मिळतात. साडेचार वर्षे शिकलेल्या फिजिओथेरपिस्टला आपण बटण दाबायला बसवले आहे.

रोज तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. दहा सलग सिटिंग गरिबाला परवडत नाहीत. तीन महिन्यांत चार-पाच भेटी, प्रत्येक भेटीत दोन-तीन नवे व्यायाम आणि मध्ये फोनवर चौकशी, एवढे बहुतेकांना पुरते. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसलाच पाहिजे. सतरंजी आणि खुर्ची एवढेच साहित्य लागते. ग्रामसभेत रस्ता मागता, पाणी मागता, तसे हेही मागा.

तोवर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा :
१. मी स्वतः घरी काय करायचे?
२. ते किती दिवसांत आणि कसे वाढवायचे?
३. मशीन लावले नाही तर काय बिघडेल?

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तिथून उठा.

एक इशारा. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे, पायातली शक्ती कमी होणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडून लागलेला मार यांपैकी काही असेल, तर व्यायाम करत बसू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा. अशा वेळी तपासण्या लागतातच.

बाकीच्यांनी आजच तो पट्टा सोडायची तयारी सुरू करा.