दारातला ट्रॅक्टर, सातबाऱ्यावरचा बोजा

परवा गावाहून पुतण्या आला. दोन एकर द्राक्षबाग, दोन एकर जिरायत, दाराशी अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. म्हणाला, "काका, हा विकून पंचेचाळीसचा घ्यावा म्हणतो. बँक तयार आहे."

बँक तयार असते, हे मला ठाऊक आहे. त्याच खुर्चीत बसून मी अशी कर्जं मंजूर केली, आणि वसुलीला गेल्यावर लिंबाखाली ताडपत्री पांघरून उभे असलेले ट्रॅक्टरही मीच पाहिले. यंत्र उभं असतं, व्याज चालत असतं.

"वर्षाला किती तास चालतो रे?" मी विचारलं. त्यानं तासांचा मीटर कधी पाहिलाच नव्हता.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. एवढ्या रानाला मोठा ट्रॅक्टर पोसवत नाही. माझं मत विचाराल, तर आहे त्यालाच त्याच्या ताकदीचा रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर जोडावा. मात्र पीटीओची ताकद आणि लिफ्टची उचल आधी तपासावी. मागचं अवजार फार जड झालं तर पुढची चाकं उचलली जातात. जिरायतातली खोल नांगरट तेवढी भाड्यानं करून घ्यावी.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "शेजाऱ्यांनी मोठा घेतलाय, काका."

खरं दुखणं ते होतं. ट्रॅक्टर दारात असतो, साऱ्या गावाला दिसतो. बोजा सातबाऱ्यावर असतो. तो रस्त्यावरून दिसत नाही.