कपाशीतला परवाना

घरात उर्दू शायरी ऐकत वाढलेल्या प्रत्येकाला परवाना ठाऊक असतो. शमा जळते, परवाना तिच्यावर झेप घेतो आणि राख होतो. शायरांनी त्याला आशिक ठरवले ते बरोबरच आहे, पण त्याचा खरा इश्क उजेडाशी नसून सुवासाशी असतो. आपल्या मराठवाड्यातल्या अनेक घरांचे वर्षभराचे गणित या सुवासाशी जोडलेले आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पैठण, सिल्लोड किंवा जालन्याच्या रस्त्याने जाताना पाहा. कपाशीच्या शेतात काठीला नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा डबा टांगलेला दिसतो, खाली लांब पिशवी असते. हा कामगंध सापळा. त्यात विष नसते, दिवाही नसतो. रबराची एक लहानशी गोळी असते, तिला शेतकरी ‘ल्यूर’ म्हणतात. सकाळी पिशवीत लहान करडे-तपकिरी पतंग सापडतात. ते गुलाबी बोंडअळीचे पतंग असतात, आणि सगळेच्या सगळे नर! शेतकऱ्यांची मुले वर्गात विचारतात, मादी का येत नाही?

उत्तर असे की त्या गोळीला मादीचाच वास असतो. रात्री मादी पानावर शांत बसते आणि शरीराच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून अगदी थोडा गंध हवेत सोडते. शोध घेत उडणे हे नराचे काम. फ्रान्समधील कीटक-अभ्यासक फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात एक साधा प्रयोग केला. मोठ्या पतंगाची मादी जाळीखाली ठेवली तेव्हा रात्री नरांची रीघ लागली. तीच मादी काचेच्या बंद झाकणाखाली ठेवली तेव्हा ती समोर दिसत असूनही नरांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. म्हणजे बोलावणे डोळ्यांना नव्हते.

हा गंध नेमका काय, हे पहिल्यांदा समजले ते रेशमाच्या पतंगाकडून. आपल्या शहराच्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात. त्यातल्या रेशमाचा किडा, ज्याचे कोष जालन्याच्या बाजारात विकले जातात, त्याच्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. जवळजवळ पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या तेव्हा हातात काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ आला. 1959 मध्ये त्याला ‘बॉम्बिकॉल’ हे नाव मिळाले. अशा गंधांना ‘फेरोमोन’ म्हणायचे, हे त्याच वर्षी ठरले.

हिमरूतल्या सुताचा, म्हणजे कापसाचा वैरी गुलाबी बोंडअळी. तिचा गंध 1973 मध्ये उलगडला. जवळजवळ सारख्या अशा दोन रसायनांचे ते निम्मे-निम्मे मिश्रण आहे. कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीचे मिश्रण निराळे. तिथे एका घटकाचे प्रमाण सुमारे 97 टक्के आणि दुसऱ्याचे जेमतेम 3 टक्के असते. अत्तर बनवणाऱ्याला हे लगेच पटेल, प्रमाण बदलले की अत्तर बदलते. म्हणून एका अळीची गोळी दुसरीच्या सापळ्यात निरुपयोगी ठरते.

एवढा बारीक फरक नर ओळखतो तो डोक्यावरच्या शृंगिकांनी. रेशमाच्या नराच्या एका शृंगिकेवर या गंधासाठी सुमारे 17,000 सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाला छिद्रे असतात. गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो. एक प्रथिन त्याला आतल्या द्रवातून मज्जापेशीपर्यंत पोहोचवते. पेशीवरच्या ग्राहीत तो कुलपातल्या किल्लीसारखा बसला की मेंदूकडे संदेश जातो. लगेच दुसरे प्रथिन त्या रेणूची मोडतोड करते, म्हणजे नाक पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. वारा गंधाचे तुटक धागे वाहून आणतो. धागा लागला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने पुढे सरकतो, सुटला की आडवा, नागमोडी उडत तो पुन्हा शोधतो.

हे नाक घडले कसे? मादीचा गंध जितका क्षीण, तितका तीक्ष्ण नाकाचा नर आधी पोहोचणार आणि त्याचीच संतती वाढणार. लाखो पिढ्या हीच चाळणी लागली. पतंगांच्या प्राचीन गटांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे दिसते की मादीचा गंध ओळखणाऱ्या ग्राही मुळात झाडाझुडपांचे वास ओळखणाऱ्या ग्राहींपासून निघाल्या असाव्यात. जुन्या नाकालाच नवे काम मिळाले.

पण इथे एक कोडे आहे. एखाद्या मादीचा गंध जरा वेगळा झाला तर तिच्याकडे येणार कोण? मक्याच्या खोडकिडीत याचे उत्तर सापडले. 2002 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की युरोपातल्या जातीत काही मोजके नर वेगळ्या नाकाचे असतात. ते आपल्या माद्यांबरोबरच आशियातल्या भावंडजातीच्या गंधाकडेही वळतात. असे थोडे ‘वेगळे’ नर प्रत्येक पिढीत असतील, तर नव्या गंधाच्या मादीलाही जोडीदार मिळतो आणि हळूहळू नवी जात आकार घेऊ शकते.

हा बदल फक्त प्राचीन काळचा नाही. जपानमध्ये 1980 च्या दशकापासून चहाच्या मळ्यांत मादीच्या गंधातला एकच घटक मोठ्या प्रमाणात पसरवत, म्हणजे नर भांबावून जायचे आणि मादी सापडायची नाही. काही वर्षे उपाय चालला, मग पतंगांनी त्यातूनही वाट काढली. पुढे चार घटकांचे पूर्ण मिश्रण वापरावे लागले. आपल्याकडचा धडा याहून महागडा आहे. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची आली. बीटीला दाद न देणाऱ्या थोड्या गुलाबी अळ्या तेवढ्या वाचल्या आणि त्यांचीच संतती वाढत गेली. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी बोंड फोडले तर आत कवडी निघाली.

म्हणून सापळ्याचे महत्त्व नीट समजून घेऊ या. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, फवारणी आत पोहोचत नाही. अळी दिसण्याआधी पतंगाची खबर देतो तो सापळा. एकरी दोन सापळे पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर लावावेत. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले की धोक्याची पातळी समजावी आणि कृषी सहायकाला विचारून उपाय करावा. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलावी. तंबाखूच्या किंवा कांदा चिरलेल्या हाताने तिला शिवू नये.

मात्र सापळा लावला म्हणजे काम संपले असे नाही. नर अडकले तरी उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. डोमकळ्या तोडून नष्ट करणे, फरदड न घेणे, पऱ्हाट्या शेतात पडू न देणे हे सोबत हवेच. अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. तिथे बीटी, गंध, प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग आणि पऱ्हाट्यांची नांगरट हे सगळे उपाय एकत्र राबवले होते.

ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी हे एक काम मुलांकडे द्यावे. रोज सकाळी पिशवी उघडायची, पतंग मोजायचे, तारीख टाकून वहीत आकडा लिहायचा. पाच मिनिटे लागतात. बहुतेक शेतांत सापळा टांगलेला असतो आणि पिशवी आठवडाभर कुणी उघडत नाही. दिवाळीनंतर वेचणीला जाणाऱ्या आई-बहिणींच्या ओटीत पांढरा कापूस पडेल की कवडी, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून कितीतरी आधी कळू शकते.