गोबरगॅस-संयंत्रात अधिक शेण घालावे काय?

पौषातील थंडीत गोबरगॅसची ज्योत मंदावली की टाकीत नेहमीच्या दुप्पट शेण ओतावे, असा समज पुष्कळ गावांत रूढ आहे. कित्येकदा ग्रामपातळीवरील कार्यकर्तेही तोच सल्ला देतात. हा सल्ला चुकीचा असून त्यापायी चांगली चालणारी संयंत्रे बंद पडतात आणि गृहिणीस पुन्हा चुलीकडे वळावे लागते.

टाकीत एकाच जातीचे जीवाणू नसतात. तेथे अनेक जातींचा संसार एकत्र चाललेला असतो. त्यांतील एक गट शेण कुजवून आम्ले तयार करतो व दुसरा त्या आम्लांपासून मिथेन हा जळणारा वायू बनवितो. (१९७७ पासून शास्त्रज्ञ या दुसऱ्या गटास जीवाणूंहून निराळे मानतात, शेतकऱ्याच्या कामात त्याने काही फरक पडत नाही.) पहिला गट काही तासांत दुप्पट होतो, तर दुसऱ्यास त्यासाठी कित्येक दिवस लागतात. अन्न वाढविले की वाढीचा वेग वाढतो, परंतु एका मर्यादेपर्यंतच, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले. म्हणून जादा शेणाचे आम्ल झटपट होते, पण वायू करणारा गट मागे पडतो. आम्ल साचून शेणकाला आंबतो व त्या गटाची उरलीसुरली वाढही खुंटते. शिवाय जेवढे आत घालावे तेवढेच बाहेर पडते, आणि त्याबरोबर हे मंदगती जीवही वाहून जातात. थंडीत तर त्यांची वाढ अधिकच मंद असते. प्रदेशाच्या उष्णतामानानुसार शेण ३० ते ५५ दिवस टाकीत राहावे, अशी योजना असते ती याचसाठी.

दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी पुरे होते. शेणकाला आंबल्यास काही दिवस शेण घालणे थांबवावे, चालू संयंत्रातील शेणकाला विरजण म्हणून मिसळावा आणि मग थोड्या शेणाने पुन्हा आरंभ करावा.

किती संयंत्रे बांधली याची नोंद सर्वत्र ठेवली जाते. दुसऱ्या हिवाळ्यात किती पेटती राहिली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. कार्यकर्त्याने भेटीस जाताना सामू पाहण्याचा कागद बरोबर न्यावा. सामू ६.८ च्या खाली उतरलेला दिसला, तर त्याच दिवशी शेणाची पाटी थांबवावी.