आंतरराष्ट्रीय शाळेचा आठवडा

अलीकडे भारतातल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या वेशीवर एखाद्या नव्या शाळेची पाटी दिसते आणि त्या पाटीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द हमखास असतो. वर्गातली मुले आसपासच्या चार वसाहतींमधली, शिक्षक त्याच शहरातले, पुस्तकेही बहुधा नेहमीचीच. शाळा मात्र आंतरराष्ट्रीय! हा शब्द पालकांना धीर देतो, शुल्काचा आकडा पटवून देतो आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते. मग एखादी शाळा खरोखर आंतरराष्ट्रीय आहे की नाही, हे ओळखावे कसे? इमारत, पोहण्याचा तलाव किंवा गुळगुळीत माहितीपुस्तिका यांवरून ते कळत नाही. माझ्या मते त्यासाठी त्या शाळेतला एक साधा आठवडा पाहावा आणि आठवड्याच्या अखेरीस शाळा पालकांच्या हाती देते ते वार्तापत्र वाचावे. त्या वार्तापत्रात कोणाचे नाव येते, कशासाठी येते आणि कोणत्या भाषेला तेथे जागा असते, यात शाळेचा स्वभाव उघड होतो.

या शाळांचा उगम दोन निरनिराळ्या गरजांतून झाला आहे. पहिली गरज अगदी व्यावहारिक होती. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे कार्यालय जिनीव्हात आले. तेथे काम करणाऱ्या नाना देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांनी शिकावे कोठे, या प्रश्नातून १९२४ साली त्या शहरात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आईवडिलांची बदली झाली की मुलाचा देश बदले, अभ्यासक्रम बदले आणि विद्यापीठाचे दार अडे. ती अडचण दूर करण्यासाठी १९६८ साली जिनीव्हातच 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' या संस्थेची स्थापना झाली आणि अनेक देशांतील विद्यापीठे मान्य करतील अशी एक समान परीक्षा आकारास आली.

दुसरी गरज मात्र मनाची होती. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली तुरुंगात गेले आणि सुटकेनंतर ब्रिटनमध्ये आले. कालपर्यंत एकमेकांवर शस्त्र धरणाऱ्या राष्ट्रांचे अधिकारी एका लष्करी महाविद्यालयात शेजारी बसून काम करताना त्यांनी १९५५ साली पाहिले. प्रौढांना जे जमते ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अधिक सहज जमेल, असे त्यांना वाटले. त्या विचारातून १९६२ साली वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या किल्ल्यात 'अटलांटिक कॉलेज' सुरू झाले. पुढे 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' या नावाने जगात ठिकठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. आज त्यांची संख्या अठरा आहे.

या महाविद्यालयाची एक हकीकत मला फार बोलकी वाटते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचे काम तेथील विद्यार्थी करीत. त्यासाठी हलकी, वेगवान आणि लाटांत न उलटणारी होडी हवी होती. पहिले प्राचार्य डेस्मंड होअर हे नौदलातले निवृत्त अधिकारी. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून कठीण तळाची आणि हवा भरलेल्या कडांची होडी वर्षानुवर्षे खटपट करून तयार केली. आज जगभर समुद्रातल्या बचावकार्यात तशा होड्या वापरतात. तिचे एकस्व त्यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडाच्या नाममात्र किमतीत देऊन टाकले. 'सेवा' हा शब्द शाळेच्या वेळापत्रकात कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. समुद्र समोर होता, माणसे खरोखर बुडत होती आणि मुलांना त्यांचे काम नेटके करावेच लागत होते. छायाचित्रापुरते तेथे काही करता येण्यासारखे नव्हते.

भारतातले असे महाविद्यालय महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या एका डोंगरमाथ्यावर 'महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज' १९९७ साली सुरू झाले. ख्रिस्तोफर बेनिंजर या वास्तुविशारदाने त्याच्या इमारती दगडी बांधणीच्या आखल्या आहेत. विद्यार्थी ज्या वसतिगृहांत राहतात त्यांना तेथे 'वाडा' म्हणतात. आफ्रिकेतून, युरोपातून किंवा अरबस्तानातून आलेली मुलगी आपला पत्ता सांगताना एक मराठी शब्द उच्चारते, ही गोष्ट लहान असली तरी मला सुखावते.

तेथला आठवडा कसा असतो? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सहा विषय. त्यांतले तीन सखोल, तीन सर्वसाधारण पातळीचे. शिवाय 'आपल्याला जे कळते ते कशावरून कळते' याचा विचार करायला लावणारा ज्ञानमीमांसेचा एक तास आणि स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांपर्यंतचा एक प्रबंध. यांखेरीज कला, शारीरिक श्रम आणि सेवा यांसाठी वेळ राखलेला असतो. त्या उपक्रमांना येथे 'त्रिवेणी' असे सार्थ नाव आहे. वर्षातला एखादा आठवडा वर्ग बंद ठेवून विद्यार्थी गटागटाने देशाच्या एखाद्या भागात जातात. हे सारे वेळापत्रकात लिहिलेले असते. जे लिहिलेले नसते ते अधिक महत्त्वाचे. एका खोलीत वेगवेगळ्या देशांची मुले राहतात. एकाला दिवा मालवल्याशिवाय झोप येत नाही, दुसऱ्याचा अभ्यास मध्यरात्रीनंतर सुरू होतो. एकाचा उपवास असतो, दुसऱ्याचा सण. दोघांच्या देशांचे एकमेकांशी युद्ध चालू असेल, तर सकाळी आलेली बातमी त्या खोलीत केवळ बातमी राहत नाही. दात घासताना शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे घर त्या बातमीत असते. नागरिकशास्त्राचा कोणताही पाठ हे शिकवू शकणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या चळवळीतील महाविद्यालयांसाठी दीडशेहून अधिक देशांतल्या राष्ट्रीय समित्या विद्यार्थी निवडतात आणि अनेकांना शिष्यवृत्ती मिळते, म्हणून तेथे निर्वासित छावणीतला मुलगा आणि उद्योगपतीची मुलगी एका पंगतीला बसू शकतात. बहुसंख्य आंतरराष्ट्रीय शाळांत तसे घडत नाही. तेथे देश अनेक, पण आर्थिक थर एकच. पाच खंडांतली श्रीमंत मुले एकत्र आली तर त्याला जगाचे दर्शन म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे.

आता वार्तापत्राकडे वळू. अशा शाळांची साप्ताहिके ठरावीक वळणाची असतात. आरंभी प्राचार्यांचे प्रसन्न पत्र. मग सामन्यांचे निकाल, नाटकाची छायाचित्रे, पाहुण्यांचे व्याख्यान, परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांची यादी. शेवटी पुढच्या आठवड्याची जेवणाची यादी, बसच्या वेळा आणि हरवलेल्या डबा-बाटल्यांची सूचना. (ही शेवटची सूचनाच सर्वांत प्रामाणिक असते, असे मला कधी कधी वाटते!) या मजकुरात मधेच एक वाक्य हटकून येते: आमच्या विद्यार्थ्यांनी या आठवड्यात जवळच्या गावातील मुलांना इंग्रजी शिकवले. वाक्य सद्भावनेचे आहे. पण त्यातल्या 'आमच्या विद्यार्थ्यां'ना नावे असतात आणि 'गावातील मुलां'ना नसतात. गाव तेथे केवळ उपकाराचे स्थळ म्हणून येते. ज्या गावाच्या वाटेवरून शाळेची बस रोज जाते, त्या गावात या आठवड्यात भातलावणी झाली, जत्रा भरली, कोणाची विहीर आटली, हे मात्र छापले जात नाही.

मुळशीच्याच परिसराचा विचार करा. १९२१ साली या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईसाठी वीज निर्माण व्हावी म्हणून मुळा नदी अडवली जाणार होती आणि मावळ्यांची भातखाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे यांनी लोकांना संघटित केले. पांडुरंग महादेव बापट यांनी लढ्याचे नेतृत्व केले, कारावास भोगला आणि याच लढ्यामुळे लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. १९२४ पर्यंत चाललेला तो लढा हरला, धरण झाले. पण विकासासाठी कोणी किती किंमत मोजायची, हा प्रश्न जगाने पुढे वारंवार विचारला, तो येथल्या अल्पशिक्षित शेतकऱ्यांनी तेव्हाच विचारला होता. अशा प्रदेशात शिकणाऱ्या परदेशी मुलाला 'जागतिक प्रश्न' शिकण्यासाठी दूरचे दाखले शोधण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची जमीन गेली, त्या घरातली माणसे डोंगराच्या पायथ्याशी भेटू शकतात. त्यांच्यापुढे मुलाने वही घेऊन विद्यार्थी म्हणून बसावे. वार्तापत्रात त्यांचे नाव यावे ते शिक्षक म्हणून. माझ्या दृष्टीने आंतरराष्ट्रीयतेची कसोटी ही आहे, आणि ती दाराशी वस्ती असलेल्या प्रत्येक शाळेला लागू पडते.

भाषेची कसोटी याहून कठीण आहे. भारतातल्या अशा शाळांचा बहुतेक सारा व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि अनेक देशांची मुले एकत्र असताना एक समान भाषा लागणारच. परंतु त्या सोयीची हळूहळू प्रतिष्ठा होते. घरी चांगली मराठी, तेलुगू किंवा स्वाहिली बोलणारे मूल दोन वर्षांत आपली भाषा फक्त रविवारी दूरध्वनीवर बोलते. तीही आधी तुटक, मग संकोचाने. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटने या हानीवर एक सुरेख उपाय करून ठेवला आहे. शाळेत मातृभाषेचा शिक्षक नसला, तरी विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे साहित्य स्वयंअध्ययनाने अभ्यासून परीक्षा देता येते. पुस्तके मिळवायची, एकट्याने वाचायची, टिपणे काढायची. शाळा मार्ग दाखवते, वाचन ज्याचे त्याने करायचे. जगातील महागड्या शाळांमध्ये एखादा मुलगा रात्री दिव्याखाली आपल्या भाषेतली कादंबरी वाचत बसलेला असतो, आणि त्या वेळी शाळेत त्या भाषेचा दुसरा वाचक नसतो.

हे चित्र आपल्याला, मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना, अनोळखी वाटू नये. दिल्लीत, भोपाळमध्ये किंवा सुरतेत राहून हे मराठीचे पुस्तक उघडणारा विद्यार्थी नेमके तेच करीत असतो. शेजारी हिंदी किंवा गुजराती, कामाच्या ठिकाणी आणखी एखादी भाषा, आणि मराठीशी गाठ पडते ती आईच्या बोलण्यात व या पानांत. तिकडे ज्याला विशेष सुविधा म्हणतात, ते इकडे परिस्थितीने शिकवलेले असते. फरक इतकाच, की त्या मुलाच्या धडपडीची नोंद शाळेच्या वार्तापत्रात येऊ शकते. आपली नोंद कोण घेतो?

आंतरराष्ट्रीय म्हणजे इंग्रजी, हे समीकरण मोडण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला होता. शासनाने २०१८ साली आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापून जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या. मराठीतूनही जागतिक दर्जाचे शिकता येईल, ही त्यामागची भूमिका होती. २०२० साली ते मंडळ बंद झाले. शासकीय प्रयोगाला दोन वर्षे म्हणजे आंब्याचे रोप लावून दुसऱ्या पावसाळ्यात फळ शोधण्यासारखे आहे. त्या मंडळाच्या कारभाराविषयी मतभेद असतील. ती कल्पना मात्र इतक्या लवकर अडगळीत टाकण्याजोगी नव्हती.

कोणी म्हणेल, या सगळ्याचा आमच्या अभ्यास केंद्राशी काय संबंध? आमच्याकडे वाडा नाही, डोंगर नाही, परदेशी सहाध्यायी नाहीत. मान्य. पण सुटीच्या दिवशी संपर्क वर्गाला जमणारी मंडळी एकदा नीट पाहावी. माध्यमिक परीक्षेसाठी येथे चौदा वर्षांची खालची मर्यादा आहे, वरची नाही. म्हणून एका बाकावर सरावामुळे नियमित शाळा सुटलेला खेळाडू बसतो, त्याच्यामागे लग्नानंतर पंधरा वर्षांनी पुस्तक उघडणारी गृहिणी, पलीकडे रात्रपाळी करून आलेला कामगार. त्यांच्या घरच्या भाषा वेगळ्या, गावे वेगळी, येथे येण्याची कारणे तर फारच वेगळी. यातल्या बहुतेकांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. वर्ग संपला की प्रत्येक जण आपली बस पकडतो.

अशा केंद्रावर चार पानांचे हस्तलिखित वार्तापत्र काढायला खर्च येत नाही. फलकावर लावले तरी पुरे. त्यात प्राचार्यांच्या पत्राऐवजी पहिली बातमी अशी असू शकेल: मागच्या वेळी गणितात राहिलेल्या आपल्या सहाध्यायीने नऊपैकी तिसऱ्या संधीला तो विषय सोडवला, ती कारखान्यात शिवणकाम करते आणि दुपारच्या सुटीत उदाहरणे सोडवते. तिचे पूर्ण नाव द्यावे. तिच्या घरी कोणती भाषा बोलतात हे विचारून घ्यावे, आणि एक ओळ त्या भाषेत, तिच्याच अक्षरात लिहवून घ्यावी.