विम्बल्डनची रांग आणि रांगेवाचूनचे आसन

जून महिना जवळ आला म्हणजे आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत विम्बल्डनची सहल कशी आखावी ह्याविषयीचे मार्गदर्शन झळकू लागते. हीथ्रो विमानतळावर मोटार हजर असावी, मुक्काम मेफेअरमधील हॉटेलात असावा, दुपारचे भोजन शॅम्पेनसह व्हावे आणि त्यानंतर सेंटर कोर्टवरील राखीव आसनावर बसून सामना पाहावा, असा ह्या आखणीचा साधारण क्रम असतो. ह्या तपशीलवार आखणीत एका गोष्टीला मात्र कोठेही स्थान नसते, आणि ती गोष्ट म्हणजे रांग. धनिक प्रवाशाला टेनिस दाखविले जाते हे खरेच. परंतु त्याच्याकडून जी रक्कम वसूल केली जाते ती मुख्यतः रांगेतून सुटका करून देण्याची असते. हा प्रश्न हौसेमौजेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, तो ह्याच कारणामुळे.

विम्बल्डनची रांग ही तेथील सर्वांत लोकशाहीवादी संस्था आहे. सोडतीद्वारे तिकिटे वाटण्याची पद्धत तेथे 1924 पासून चालू आहे. परंतु सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही त्यालाही दररोज एक दार उघडे राहते. विम्बल्डन पार्कमध्ये आदल्या रात्री तंबू ठोकून माणसे झोपतात, प्रत्येकाच्या हाती क्रमांकाचे एक कार्ड दिले जाते आणि एका माणसाला एकच तिकीट मिळते. सेंटर कोर्टाची सुमारे पाचशे तिकिटे स्पर्धेच्या बहुतेक दिवशी ह्या रांगेसाठी ठेवलेली असतात. केवळ मैदानात प्रवेश देणारे तिकीट 2025 साली 30 पौंडांना मिळत होते. परिचारिका, विद्यार्थी, शाळामास्तर, बसचालक सारे एकाच गवतावर पथारी पसरतात, आणि तेथे वशिला चालत नाही. अर्थात हा न्याय पूर्ण नाही. ज्याची एका दिवसाची रोजी बुडाली तर घरातली चूल थंडावते, त्याला रात्रभर रांगेत बसणेही परवडत नाही. तरीही पैशापेक्षा प्रतीक्षेला मान देणारी ही व्यवस्था आजच्या जगात दुर्मिळच म्हटली पाहिजे.

ह्या रांगेला वळसा घालणारा राजमार्ग म्हणजे डिबेंचर, अर्थात कर्जरोखा. चर्च रोडवरील सध्याच्या मैदानाच्या खरेदीसाठी पैसा उभारावयाचा म्हणून क्लबने 1920 साली हे रोखे प्रथम काढले. आज सेंटर कोर्टाच्या सुमारे पंधरा हजार आसनांपैकी 2,520 आसने, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा, रोखेधारकांच्या ताब्यात आहे. 2021 ते 2025 ह्या पाच वर्षांसाठी एका रोख्याची किंमत 80,000 पौंड होती. 2026 ते 2030 साठी ती 1,16,000 पौंड करण्यात आली. वर्षाचे चौदा दिवस धरले तर पाच वर्षांचे सत्तर दिवस होतात; म्हणजे एका आसनाचा एका दिवसाचा भाव साडेसोळाशे पौंडांच्या पुढे जातो. रोखेधारकांची उपाहारगृहे आणि विश्रामकक्षही वेगळे असतात. भारतातील धनिकाची आखीव सहल बहुधा ह्याच आसनांपैकी एखाद्यावर किंवा क्लबच्या अधिकृत आतिथ्यकक्षात येऊन टेकते.

परंतु खरी मेख पुढेच आहे. सोडतीत मिळालेले तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही; विकले तर ते क्लबच्या नियमाने रद्द होते. हा नियम योग्यच आहे. मात्र रोखेधारकाला आपले तिकीट उघडपणे, बाजार देईल त्या भावाने विकण्याची पूर्ण मुभा आहे. म्हणजे एकच कृत्य सामान्य माणसाने केले तर तो गुन्हेगारासारखा दाराबाहेर काढला जातो, आणि धनिकाने केले तर त्याला गुंतवणूक म्हणतात! मुंबईच्या चित्रपटगृहाबाहेर दोनाचे चार करून तिकीट विकणाऱ्या पोराची पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या मानगूट धरली. त्या पोराचा अपराध इतकाच, की त्याच्याजवळ काळ्या बाजाराला पांढरे करणारा रोखा नव्हता.

ह्यावर क्लबचे समर्थक उत्तर देतात, की ह्याच पैशातून मैदानाची सुधारणा झाली, सेंटर कोर्टावर 2009 साली सरकते छप्पर आले, आणि स्पर्धेच्या शिलकीचा नव्वद टक्के भाग ब्रिटनच्या टेनिस संघटनेला दिला जातो. ह्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांनी मूळ आक्षेपाचे निरसन होत नाही. क्लब रोखा विकतो तेव्हा येणारा पैसा खेळाकडे जातो असे क्षणभर मानू. परंतु रोखेधारक अंतिम सामन्याचे तिकीट चढ्या भावाने विकतो तेव्हाचा नफा कोणाच्या खिशात जातो? त्यातला एक पेनीही एखाद्या सार्वजनिक बागेतल्या पोराच्या हाती रॅकेट देत नाही. छपराच्या नावाने ह्या दलालीचे समर्थन करणे ही शुद्ध दिशाभूल होय.

शिवाय क्लबची भूक आसनांवर थांबलेली नाही. 1993 साली मर्टनच्या नगरपालिकेने विम्बल्डन पार्कमधील गोल्फ मैदानाची जमीन क्लबला 52 लाख पौंडांना विकली, तेव्हा ती मोकळी ठेवण्याचे बंधन क्लबने करारात स्वीकारले होते. 2018 साली तेथील गोल्फ क्लबचा भाडेपट्टा साडेसहा कोटी पौंड मोजून संपविण्यात आला. 2024 च्या सप्टेंबरात लंडनच्या महानगर प्रशासनाने तेथे 38 नवी कोर्टे आणि आठ हजार आसनांचे क्रीडागृह उभारण्यास मंजुरी दिली. स्थानिक नागरिकांनी ह्या मंजुरीला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळले. त्या जागेचा काही भाग जनतेसाठी उद्यान म्हणून खुला करण्याचे आश्वासन क्लब देतो; पण दिलेल्या शब्दाचे मोल काय असते, हे 1993 च्या कराराने दाखविलेच आहे.

ह्या वैभवाखाली राबणाऱ्यांचे काय? 2025 साली सुमारे तीनशे रेषापंचांची जागा यंत्राने घेतली आणि 1877 पासूनची एक परंपरा संपली. त्याच स्पर्धेत सेंटर कोर्टावरील एका सामन्यात ऐन मोक्याच्या क्षणी यंत्रणेचा काही भाग बंद असल्याचे उघडकीस आले, आणि त्याचे खापर पुन्हा माणसाच्याच चुकीवर फोडले गेले! विम्बल्डनची ख्यातनाम स्ट्रॉबेरी 2025 साली 2.70 पौंडांना मिळत होती. ब्रिटनच्या मळ्यांत हे फळ तोडावयास किर्गिझस्तान, ताजिकिस्तानसारख्या दूरदेशांतून मजूर सहा महिन्यांच्या परवान्यावर आणले जातात; त्यांना कुटुंबही बरोबर आणता येत नाही. सहलीच्या आखणीत स्ट्रॉबेरी असते, ती तोडणारा हात नसतो.

ब्रिटिश कामगार चळवळीने ह्या किल्ल्याकडे नुसते बघत बसणे पत्करले नव्हते, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. 1934, 1935 आणि 1936 अशी सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकणारा फ्रेड पेरी हा सूतगिरणीत काम केलेल्या बापाचा मुलगा. त्याचे वडील सॅम्युएल पेरी पुढे सहकारी चळवळीचे नेते आणि मजूर पक्षाचे खासदार झाले. पेरीने पोटासाठी व्यावसायिक खेळ पत्करताच क्लबने त्याचे सदस्यत्व काढून घेतले. पुतळा उभारण्याची उपरती त्यांना 1984 साली झाली. त्याच तीसच्या दशकात कामगारांच्या क्रीडासंघटनांनी स्वतःची टेनिस स्पर्धा भरविली आणि ती ‘कामगारांचे विम्बल्डन’ म्हणून ओळखली गेली. खेळ श्रीमंतांचा म्हणून त्याकडे पाठ फिरविण्याऐवजी खेळच आपला करण्याची ती जिद्द होती.

हा धडा लंडनपुरता नाही. इंग्रज गेला, पण त्याची जिमखाना संस्कृती मागे राहिली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यावर जिमखाने उभे आहेत, आणि आत कोणाला घ्यावयाचे ते सभासदत्वाची यादी ठरविते. तेव्हा दूरच्या रोखेधारकाला नावे ठेवताना जवळच्या फाटकाकडेही पाहावे लागेल.

विम्बल्डनपुरती मागणी साधी आहे. रोख्यांवरील तिकिटांची फेरविक्री बंद व्हावी, आणि धारक येणार नसेल त्या दिवशी त्याचे आसन मूळ दराने रांगेतील माणसाला मिळावे. ज्याला खरोखर टेनिस पाहावयाचे आहे अशा धनिकाचेही ह्यात काही बिघडत नाही. त्याने तंबू घ्यावा, विम्बल्डन पार्कमध्ये जावे, क्रमांकाचे कार्ड हाती धरावे आणि पहाटेची वाट पाहावी.