फ्रँक मिलिगन : मैदानाचे शब्द आणि रणांगण

चरित्रात्मक लेखनाचा अभ्यास करताना घटनांइतकेच त्या घटनांसाठी योजलेल्या शब्दांकडेही पाहावे लागते. फ्रँक मिलिगन या इंग्रज क्रिकेटपटूचे अल्पायुष्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१८७० साली जन्मलेला मिलिगन यॉर्कशायरकडून ‘हौशी’ खेळाडू म्हणून खेळे. हा आपला प्रतिशब्द येथे काहीसा फसवा आहे. आपल्या हौशी नाट्यसंस्थेत कारकून असतो, शिक्षक असतो. हौस कोणालाही असू शकते. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये मात्र या शब्दातून सामाजिक वर्ग सूचित होई. मानधन न घेता खेळणारा तो ‘जंटलमन’, पैसे घेणारा तो नुसता ‘प्लेअर’. धावफलकावर नाव कसे छापावे, यातही हा भेद पाळला जाई. लॉर्ड हॉक यांच्या संघातून १८९८-९९ मध्ये मिलिगन दक्षिण आफ्रिकेत दोन कसोटी सामने खेळला. केपटाऊनला यजमान संघ ३५ धावांत गारद झाला, तेव्हा ११ धावांत ६ बळी घेणारा स्कोफिल्ड हेगही यॉर्कशायरचाच होता. पण तो पैसे घेऊन खेळणारा.

१८९९ च्या ऑक्टोबरात बोअर युद्ध पेटले. मिलिगन कर्नल प्लमर यांच्या सैन्यात लेफ्टनंट होता. मॅफेकिंगचा वेढा उठवण्याच्या प्रयत्नात, ३१ मार्च १९०० रोजी रामाथ्लाबामा येथे तो मारला गेला. वय अवघे तीस.

त्या काळी युद्धाला खेळाची परिभाषा सहज चिकटे. हेन्री न्यूबोल्ट यांच्या ‘व्हिताई लाम्पादा’ या कवितेत शाळेतला क्रिकेट सामना आणि वाळवंटातील लढाई एकाच सूत्रात ओवली आहे. मॅफेकिंगमध्ये तर बोअर अधिकारी एलॉफ याने, रविवारी क्रिकेट खेळायला येऊ का, असे पत्राने विचारले. त्यावर, सध्या आमचा डाव चालू असून दोनशे दिवस आम्ही नाबाद आहोत, अशा आशयाचे उत्तर बेडन-पॉवेल यांनी धाडले. उत्तर चतुर आहे, हे मान्य करावेच लागेल. पण त्याच गावात न्यायालयीन दुभाषा असलेला सोल प्लाट्ये हा तरुण रोजनिशी लिहीत होता, आणि तीत वेढ्यातील कृष्णवर्णीयांची उपासमार नोंदलेली आहे. (पुढे याच प्लाट्येने शेक्सपिअर सेत्स्वाना भाषेत आणला.) ‘नाबाद’ या शब्दात ती माणसे कुठेच नाहीत.

आपली वृत्तपत्रे उलट दिशेने जातात. फलंदाजाची तोफ धडाडते, प्रतिस्पर्ध्यांचा धुव्वा उडतो. ती अतिशयोक्ती वाचक ओळखतो, म्हणून मला ती फारशी खटकत नाही.

मिलिगनच्या धैर्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तरीही वर मी ‘मारला गेला’ असेच लिहिले. ‘धारातीर्थी पडला’ हा आपला तयार शब्दप्रयोग हाताशी होता. पण तो योजला की ती चकमक कोणाच्या भूमीवर आणि कशासाठी चालली होती, हे विचारायचे राहून जाते.