घर आपलं : भिंतीची भुकटी का होते?

परवा कोठीहून भाच्याचा फोन आला. "मामा, पुस्तकांचं कपाट टांगायला भिंतीत भोक पाडलं, तर पिठासारखी भुकटी पडतेय. स्क्रू हातानं निघतोय." पेंटर म्हणाला होता, पुट्टी मारली की काही दिसणार नाही. पण त्या कपाटाखाली लेकीचा पलंग येणार होता. म्हटलं, "थांब, मी येतो."

मागची खोली नवी, गेल्या मे महिन्यात बांधलेली. खिळ्यानं ओरखडा काढला, तर खोल चर पडली. बोटानं ठोकलं, तर दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. मग चौकशी केली. मेस्त्रीनं सकाळी एकदाच माल कालवला आणि तो सुकू लागला की पाणी घालून दुपारपर्यंत वापरला. भिंतीला पाणी मारलं दोनच दिवस.

मित्रांनो, इथंच सगळं बिघडतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून गेलं की ती क्रिया अर्धवट राहते. आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घातलं, तरी ताकद जातेच. उरलेली कारणं म्हणजे कमी किंवा जुनं, गुठळ्या झालेलं सिमेंट आणि मातीची वाळू.

वाळू घरीच तपासा. काचेच्या बरणीत निम्मी वाळू घ्या, पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर मातीचा जाड थर बसला, तर ती वाळू नको. 'रोबो सँड'मध्येही बारीक भुकटी जास्त असू शकते, म्हणून तीही तपासा.

दुरुस्ती अशी. जिथं भुसभुशीत किंवा पोकळ आहे, तिथला गिलावा विटेपर्यंत काढा. सांधे खरवडा, ब्रशनं धूळ झाडा आणि भिंत ओली करा. आतल्या भिंतीला एक भाग सिमेंट, चार ते सहा भाग वाळू पुरे. माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस भिंत ओली ठेवा. रंगाची घाई करू नका. आणि कपाटाचा भार गिलाव्यावर नको, फास्टनर विटेत घट्ट बसला पाहिजे. ओल येत असेल, तर आधी गळती थांबवा. नाहीतर क्षार फुलून नवा गिलावाही पोपडे धरील.

भाचा म्हणाला, "मग आजोबांच्या पुढच्या खोलीतही सिमेंटच मारू." मी हात धरला. ती भिंत चुन्याची. तिला ओल बाहेर टाकायला वाट लागते. वर कडक सिमेंट बसवलं, तर ओल आत कोंडते आणि जुना चुना अजून भुसभुशीत होतो. तिथं चुन्याचाच गिलावा हवा. जवळच १८०३ च्या सुमारास सुरू झालेली रेसिडेन्सीची इमारत आहे. त्या काळचं बांधकाम चुन्याचंच. आजचं पोर्टलंड सिमेंट तेव्हा नव्हतंच. त्याचं पेटंट १८२४ चं.

पुट्टीचा बेत रद्द झाला. कपाट सध्या जमिनीवर आहे. भिंतीला पाणी मारायचं काम लेकीनं मागून घेतलंय, रोज सकाळ-संध्याकाळ. तिच्या डोक्यावरची भिंत आहे, तिनंच राखलेली बरी.